दीर्घिकांच्या भरतीतले रेणू



विजयदुर्गाच्या किल्ल्यात जाणाऱ्याला ‘साहेबाचे ओटे’ हटकून दाखवले जातात आणि त्यांच्याबरोबर एक गोष्टही ऐकवली जाते. लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच ओट्यांवर दुर्बिणी मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायू शोधून काढला, अशी ती गोष्ट. जिल्ह्याच्या अभिमानाची म्हणून ती आपण ऐकत आलो. परंतु ती सांगतात तशी घडलेली नाही. १८६८ च्या ऑगस्टात नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ग्रहणासाठी आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लेफ्टनंट हर्शल पटवर्धनांच्या जमखंडीत. लॉकियर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीतून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि तिथल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव निघाले. ते विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून काढून दाखवल्याला तीन वर्षे होत आली होती.

म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरे. साल तेवढे तीस वर्षे मागे गेले. यात विजयदुर्गाचा काही उणेपणा आहे असे मला वाटत नाही. १८९८ साली तिथे मोठी छावणी पडली होती आणि ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी यंत्रे हाताळण्यासाठी तयार केले होते. ग्रहण लागले की अवघ्या दोन मिनिटांच्या आसपास सगळे काम उरकावयाचे, म्हणून त्यांच्याकडून आधी कवायत करून घेतलेली. ओट्यांना नाव साहेबाचे पडले, खलाशांचे पडले नाही. कामगार चळवळीतल्या माणसाला हे चटकन दिसते, एवढेच.

मी शास्त्राचा पदवीधर नव्हे. काजूच्या कारखान्यांतल्या बाया आणि बंदरावरचे हमाल यांच्या संघटनेत माझे आयुष्य गेले आणि जे काही शिकलो ते वाचनालयाच्या टेबलाशी. तेव्हा आजचा विषय मी मला जसा कळला तसाच मांडणार. विषय दूरचा आहे: दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या किंवा एकमेकींवर आदळल्या म्हणजे त्यांच्यातून बाहेर ओढल्या गेलेल्या अतिविरळ वायूत रेणू आहेत की नाहीत, हे कसे ओळखावयाचे? या शोधातले एक महत्त्वाचे काम अलीकडे पुण्याच्या माणसांनी केले आहे, आणि त्याची रीत विजयदुर्गाच्या त्या साहेबाचीच आहे.

रीत समजण्यास चूल पुरे. चुलीत मिठाचा कण पडला की ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. त्या ज्योतीचा प्रकाश लोलकातून नेला तर पिवळ्या भागात अगदी ठरलेल्या जागी दोन रेषा उमटतात. शिरोड्याच्या मिठागरातले मीठ असो की इंग्लंडातले, रेषांची जागा बदलत नाही. १८६८ मध्ये सूर्याच्या ज्वाळांतली पिवळी रेषा पाहिली तेव्हा अनेकांना ती सोडियमचीच वाटली; पण ती केसभर बाजूला होती, आणि त्या केसभर अंतरात एक नवे मूलद्रव्य दडलेले होते. आता उलट बाजू. मागे प्रखर दिवा आहे आणि पुढे थंड सोडियमची वाफ आहे, तर त्याच दोन जागी उजेड कमी पडतो, काळ्या रेषा दिसतात. वाफ दिव्याच्या प्रकाशातून आपला हिस्सा काढून घेते. पुढचे सगळे या ‘काढून घेण्या’वर उभे आहे.

अणूंप्रमाणे रेणूंनाही अशा ठरलेल्या रेषा असतात. फरक असा, की रेणू भोवऱ्यासारखा फिरतो आणि त्याच्या फिरण्याला पायऱ्या असतात. मधल्या वेगाने तो फिरू शकत नाही. एक पायरी खाली उतरला की ठरलेल्या लांबीची लहर सोडतो, वर चढावयाचे असेल तर तीच लहर गिळतो. कार्बन मोनॉक्साइडची पहिली पायरी २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरीची. ही लहर डोळ्यांना दिसत नाही, रेडिओने ऐकावी लागते. हायड्रॉक्सिल म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू, पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन काढून घेतला तर उरेल ते. त्याच्या रेषा सुमारे १८ सेंटिमीटरच्या. मुख्य दोन १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्‌झवर. तारकांमधल्या पोकळीत रेडिओने सापडलेला पहिला रेणू हाच. १९६३ साली अमेरिकन संशोधकांनी तो आपल्या शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला, एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषापुढे ओळखला, तोही असाच, उजेडातून हिस्सा काढून घेताना.

कोणी विचारील, विश्वात सर्वांत विपुल रेणू हायड्रोजनचा. तो सोडून या किरकोळ मंडळींच्या मागे का लागावयाचे? कारण हायड्रोजनचा रेणू मुका आहे. त्याची दोन्ही टोके सारखी असल्यामुळे थंड असताना फिरला तरी रेडिओलहर सोडत नाही. हायड्रोजनचा सुटा अणू २१ सेंटिमीटरच्या लहरीवर बोलतो. हे १९४४ साली हॉलंडच्या व्हान द हुल्स्ट यांनी गणिताने सांगितले आणि १९५१ साली प्रत्यक्ष ऐकू आले. पण अणूंची जोडी जमली की ती गप्प. म्हणून तिच्यासोबत राहणारा बोलका साक्षीदार शोधावा लागतो. विरळ वायूत साधारण एक कोटी हायड्रोजन रेणूंमागे एक हायड्रॉक्सिल असतो. कोटीत एक, पण साक्ष पुरेशी देतो.

ही साक्ष महत्त्वाची आहे, कारण तारे सुट्या अणूंच्या कोमट वायूतून जन्मत नाहीत. वायू थंड व्हावा लागतो, दाट व्हावा लागतो, त्याचे रेणू व्हावे लागतात. दोन दीर्घिकांच्या झटापटीत कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचा वायू बाहेर फेकला जातो. तो वाया गेला, की त्याच्यात अजून तारे घडवण्याची कुवत आहे? या प्रश्नाचे उत्तर रेणूंपाशी आहे.

आता झटापटीकडे येऊ. मालवणच्या माणसाला हे समजावयास परदेशी ग्रंथ नको. त्याच्या दाराशी रोज दोनदा भरती येते. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त जोराने ओढतो, मधल्या भागाला त्याहून कमी, लांबच्या बाजूला सर्वांत कमी. या फरकामुळे पाणी दोन्हीकडे फुगते, चंद्राच्या बाजूला आणि त्याच्या पाठीकडेही. म्हणून दिवसात भरती एकदा न येता दोनदा येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढ त्याच रेषेत आली की उधाण; अष्टमीच्या सुमारास भांग. दीर्घिकांचेही हेच. एक दीर्घिका दुसरीच्या जवळून गेली की तिच्या दोन्ही अंगांना भरती येते. फरक इतकाच, की आपल्या समुद्राला पृथ्वी घट्ट धरून असते आणि सुकती आली की पाणी परत जाते. दीर्घिकेच्या कडेचे तारे आणि वायू सैल धरलेले असतात, शिवाय ती स्वतः फिरत असते. मग भरतीचे पाणी परत येत नाही. एका अंगाने दोघींमध्ये सेतू तयार होतो, दुसऱ्या अंगाने लांब शेपटी सुटते. १९७२ साली आलार आणि युरी टूम्रे या भावांनी संगणकावर हे करून दाखवले, तोपर्यंत अशा लांबलचक शेपट्या केवळ गुरुत्वाकर्षणाने निघतील यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. दीर्घिकेचा वायू ताऱ्यांच्याही पलीकडे दूर पसरलेला असतो. म्हणून ओढाताणीत तोच आधी सुटतो.

व्याख्यानमालेच्या या दिवसांत संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्या परिसरात, सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षांवर, एम ८१, एम ८२ आणि एनजीसी ३०७७ अशा तीन दीर्घिका आहेत. साध्या छायाचित्रात त्या अलग दिसतात. पण १९९४ साली २१ सेंटिमीटरच्या लहरींत काढलेल्या नकाशात तिघींना जोडणारे वायूचे पट्टे दिसले. जणू तीन गलबते एकाच जाळ्यात गुंतलेली. या पट्ट्यांत कार्बन मोनॉक्साइडचा शोध सुरू झाला. १९९२ मध्ये एम ८१ जवळ आणि १९९९ मध्ये वॉल्टर व हाइटहाउझेन यांना एनजीसी ३०७७ जवळच्या भरतीच्या भुजेत रेणूंचे ढग सापडले. दुसरा प्रसिद्ध दाखला स्टेफानच्या पंचकाचा. स्टेफान यांनी तो १८७७ साली मार्सेयहून पाहिला. तिथे एक दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने बाकीच्यांत घुसली आहे. अशा धडकेत रेणू फुटून जावेत ही अपेक्षा. पण २००६ साली अवकाशातल्या स्पिट्झर दुर्बिणीला धडकेच्या जागीच हायड्रोजन रेणूंचा भरपूर अवरक्त प्रकाश दिसला. मुका म्हटलेला रेणू तापला की असा बोलतो.

परंतु हे सारे एक तर दाट ढग, नाही तर तापलेला वायू. सेतू आणि शेपट्यांमधला बहुतेक वायू यांपैकी नसतो. तो विरळ आणि थंड असतो, घन सेंटिमीटरला काही थोडके अणू. त्यात टकरी इतक्या क्वचित, की रेणू स्वतःहून फारसे उजळत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड तर अशा ठिकाणी ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी लवकर फुटते, ते धुळीच्या आडोशाला राहणारे. हायड्रॉक्सिल त्या मानाने उघड्यावरही आढळते. म्हणून जिथे कार्बन मोनॉक्साइड काही सांगत नाही तिथेही ते वायूचा पत्ता देऊ शकते. पण तेही स्वतःच्या उजेडाने दिसावयाचे नाही. त्याच्या मागे दिवा हवा. पहाटे बंदरावर वाफ असते ती दिसत नाही. दिव्यापुढून गेली की उजेड मंद होतो आणि कळते. विश्वात असे दिवे आहेत. त्यांना क्वेसार म्हणतात: अतिदूरच्या दीर्घिकांचे पेटलेले गाभे, त्यांतले काही रेडिओलहरींत फार तेजस्वी. अडचण एवढीच, की दिवा आपल्याला हवा तिथे लावता येत नाही. शेपटी आणि दिवा एका रेषेत येणे हा योगायोग.

असा एक योगायोग ययाती तारकासमूहात आहे. क्वेसाराचे नाव क्यू ०२४८+४३०. हे नाव म्हणजे आकाशातला पत्ता आहे, दुसरे काही नाही. त्याचा उजेड आपल्याकडे यावयास सुमारे पावणेनऊशे कोटी वर्षे लागली. वाटेत, जवळजवळ सत्तर कोटी प्रकाशवर्षांवर, दोन दीर्घिका एकमेकींत मिसळत आहेत आणि त्यांच्यातून निघालेली भरतीची शेपटी नेमकी या दिव्यापुढून गेली आहे. दीर्घिकेच्या गाभ्यापासून ती जागा पन्नासेक हजार प्रकाशवर्षे दूर. शर्मिष्ठेच्या दिशेने १९६३ साली जो रेणू पहिल्यांदा सापडला, त्याची पुढची मोठी बातमी ययातीकडून यावी, ही गंमत पुराणे वाचलेल्यांना आवडेल.

पुण्याच्या आयुका या संस्थेतले नीरज गुप्ता, रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांचे देशी-परदेशी सहकारी यांनी २०१८ साली जाहीर केले, की या शेपटीत हायड्रॉक्सिलने क्वेसाराच्या उजेडातून आपला हिस्सा काढून घेतलेला सापडला आहे. आपल्या परिसराबाहेर, दूरच्या विश्वातल्या विरळ वायूत हायड्रॉक्सिलची अशी छाया मिळाल्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी आणखी आठ ठिकाणी पाहिले होते; तिथे काही मिळाले नाही.

किती मिळाले ते पाहा. वायूचे तापमान वगैरे काही गृहीते धरून हिशेब येतो तो असा: शेपटीतून आरपार एक चौरस सेंटिमीटर जाडीचा खांब कल्पिला तर त्या अख्ख्या खांबात सुमारे ६३ लाख कोटी हायड्रॉक्सिल रेणू. आकडा ऐकून छाती दडपते. पण आपल्या भोवतालच्या एका घन सेंटिमीटर हवेत याच्या कितीतरी लाख पट रेणू असतात. तेवढेच रेणू हवेचे घ्यावयाचे तर हवेचा थर केसाच्या जाडीच्या दोन-अडीच हजाराव्या भागाएवढा पुरेल. एका हायड्रॉक्सिलमागे एक कोटी हायड्रोजन रेणू धरले, तर त्या सगळ्या मुक्या मंडळींची बेरीज वीतभर हवेएवढी होते. ही वीतभर हवा सत्तर कोटी प्रकाशवर्षांवरून ओळखली.

ओळख पक्की कशी? चौकशीत आम्ही एका साक्षीदारावर निकाल देत नाही, दोन-तीन स्वतंत्र साक्षी जुळाव्या लागतात. इथे त्या जुळतात. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या वस्तूंच्या सगळ्या लहरी ताणल्या जातात, आणि एका अंतरावरच्या सगळ्यांना ताणण्याचे प्रमाण एकच असते. या शेपटीचे प्रमाण १.०५१९. हायड्रॉक्सिलची १६६७ ची रेषा ताणली जाऊन १५८५ मेगाहर्ट्‌झवर आली. हायड्रोजन अणूची १४२० ची रेषा १३५० वर. त्याआधीच डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात सोडियम आणि कॅल्शियमच्या काळ्या रेषा याच शेपटीतून मिळालेल्या होत्या. चुलीतल्या मिठाच्या त्याच दोन पिवळ्या रेषा, पण ताणल्या जाऊन नारिंगी झालेल्या. वेगवेगळ्या यंत्रांनी, वेगवेगळ्या माणसांनी मोजलेल्या, प्रमाण एकच.

यातला १३५० मेगाहर्ट्‌झचा आकडा पुणे जिल्ह्यातल्या खोडदला नेतो. नारायणगावाजवळच्या या गावी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना केली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने ती उभारली. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा तीस. चौदा मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटर परिसरात. इतक्या मोठ्या तबकड्या परवडल्या कशा? स्वरूप यांनी पत्रे घातलेच नाहीत. दोरखंड ताणून त्यावर बारीक पोलादी तारांची जाळी बसवली. जाळीची आस सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो. पण वीस-एकवीस सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी सलग भिंतच. आस किती ठेवली की काय अडते आणि काय सुटते, हे रापण ओढणाऱ्याला मी काय सांगावे! मला मात्र त्या तबकड्यांची छायाचित्रे पाहताना तारा ताणणारे, गाठी मारणारे, जोड पारखणारे हात दिसतात. जाळी एका जागी सैल पडली तर गणित कितीही बरोबर असो, लहर नीट एकवटावयाची नाही.

आणि तीसही एकेकट्या ऐकत नाहीत. दर दोन तबकड्यांचे ऐकणे एकमेकींशी ताडून पाहतात. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. त्या सर्वांच्या मेळातून पंचवीस किलोमीटर पसरलेल्या एका अवाढव्य दुर्बिणीची नजर मिळते. या दुर्बिणीची अलीकडे सुधारणा झाली, आणि त्यानंतर तिने शेपटीतल्या हायड्रोजन अणूंची नव्याने पाहणी केली. हायड्रॉक्सिलची १५८५ ची रेषा मात्र खोडदच्या आवाक्याच्या वर पडते. ते काम दुसऱ्या दुर्बिणीकडे गेले.

या १५८५ मध्ये एक व्यावहारिक पेच आहे, आणि तो थेट आपल्या बंदराशी येऊन भिडतो. आपल्या ट्रॉलरवर आणि खिशातल्या मोबाइलमध्ये जीपीएस आहे. त्याचे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर बोलतात. दहाच मेगाहर्ट्‌झचे अंतर! सत्तर कोटी वर्षांची वाट चालून आलेली कुजबुज, आणि तिच्या शेजारी डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाची आरोळी. आंतरराष्ट्रीय नियमांनी रेडिओ खगोलशास्त्राला काही पट्टे राखून दिले आहेत. हायड्रोजनसाठी १४०० ते १४२७ या पट्ट्यात कोणीही प्रक्षेपण करावयाचे नाही. हायड्रॉक्सिलसाठी १६६० ते १६७० च्या पट्ट्यातही खगोलशास्त्राचा हक्क मान्य आहे. पण हे संरक्षण जवळच्या वायूला. दूरच्या दीर्घिकेची तीच रेषा ताणली जाऊन पट्ट्याबाहेर पडली की तिला कोणी वाली नाही. आमच्या बांधकाम मजुरासारखे झाले हे. इथल्या मंडळाकडे नोंद असते तोवर हक्क आहेत; बांदा ओलांडून गोव्यात कामाला गेला की इथली नोंद तिथे उपयोगी पडत नाही, माणूस तोच असला तरी. जीपीएस बंद करा असे मी म्हणणार नाही. वादळात सापडलेल्या नौकेला ते घरी आणते. पण आकाशातली जागाही भरत चालली आहे, आणि तिच्या वाटपाच्या बैठकीत आवाज ज्याचा मोठा त्याचीच सोय होते, हे मी दुसऱ्या बैठकांतून पुष्कळ पाहिले आहे. उपग्रहांच्या गोंगाटातून कुजबुज वेगळी काढण्यासाठी आज मोजणीइतकेच श्रम आकडे निवडण्यावर होतात.

पुढची साक्ष २०१९ साली आली. पॅरिसच्या फ्रान्स्वाज कोंब यांनी गुप्ता आणि इतरांच्या बरोबरीने आल्प्स पर्वतावरच्या नोएमा दुर्बिणीने त्याच दिव्याकडे पाहिले. त्यांना शेपटीत कार्बन मोनॉक्साइडची छाया मिळाली आणि कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचीही. खोडदची हायड्रोजनची पाहणी त्याच लेखात प्रसिद्ध झाली. म्हणजे शेपटीतला वायू सगळाच उघडा नाही. काही भाग कार्बन मोनॉक्साइड टिकण्याइतका आडोशाला आहे. शिवाय कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन ही द्रव्ये ताऱ्यांच्या पोटातच शिजतात. तेव्हा हा वायू विश्वारंभीचा कोरा वायू नव्हे. तो एकदा दीर्घिकेच्या आत राहून, ताऱ्यांच्या राखेने माखून मग बाहेर ओढला गेलेला आहे.

मग हे रेणू दीर्घिकेतून तयार होऊनच बाहेर आले काय? माझ्या समजुतीने, नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. आपल्या आकाशगंगेत असतो तेवढा सरासरी तारकाप्रकाश अंगावर पडला तर उघड्यावरचे हायड्रॉक्सिल शंभर वर्षेसुद्धा टिकत नाही. अतिनील किरण ते फोडून टाकतात. आडोसा धरला तरी आयुष्य वाढून किती वाढेल? शेपटी लांबण्यास मात्र कोट्यवधी वर्षे लागतात. तेव्हा आज दिसणारे रेणू तिथेच, शेपटीतच, पुन्हा पुन्हा घडत असले पाहिजेत. धुळीच्या कणांवर हायड्रोजनचे अणू जोडीने जमतात, विश्वकिरणांच्या ठिणगीने ऑक्सिजन त्यांच्याशी संयोग पावतो, हायड्रॉक्सिल होते, फुटते, पुन्हा होते. हजेरीपटावरची माणसे रोज बदलतात, पण पाळी भरलेली असते, तसे. दीर्घिकेबाहेर पन्नास हजार प्रकाशवर्षांवर हा कारखाना चालू आहे, एवढे त्या छायेवरून कळते.

तो तारे घडवण्यापर्यंत पोचेल का, हे एका दिव्यापुढच्या एका रेषेवरून ठरवता येत नाही. शेपटी हजारो प्रकाशवर्षे लांब, आणि आपण तिच्यातून सुईच्या छिद्राएवढी एकच वाट पाहिली. काही शेपट्यांत तारे जन्मत असल्याचे इतरत्र दिसलेले आहे. २००० साली ब्रेन आणि सहकाऱ्यांना अशा शेपट्यांच्या टोकांशी साठलेल्या छोट्या दीर्घिकांत रेणूंचा वायू मिळाला होता. पण विरळ वायूपासून तिथपर्यंतची मधली पायरी पाहण्यास दिवे हवेत, शेकड्यांनी. म्हणून गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशातल्या मीरकॅट या चौसष्ट तबकड्यांच्या दुर्बिणीवर एक मोठी पाहणी हाती घेण्यात आली. तिच्यात क्वेसारांसारख्या तेजस्वी रेडिओ-दिव्यांच्या उजेडात हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलच्या छाया शोधतात. तिथल्या मोजण्यांचे ढीग पुण्याला आयुकात येतात, आणि त्यांतून उपग्रहांचा गोंगाट वजा करून रेषा निवडण्याचे काम तिथल्या संगणकांवर होते.